सिस्टरबाईंची रजा

“पाय काढ तुझे माझ्या नाकापुढून.”

“तुझं नाक हाये का गाडीचं जू? कुठं बी वळलं तरी आडवं येतंय.”

“खाट माझी हाये. नाव माझं लागलंय. तू मागून आलीस.”

“मागून आले म्हून काय अर्धीच आजारी हाये का मी?”

भिकाबाई आणि शकुबाई एकाच खाटेवर उलटसुलट निजल्या होत्या. एकीचं डोकं तिथं दुसरीचे पाय. भिकाबाईला हिवतापानं पार वाळवलं होतं आणि बाळंतपणानंतर शकुबाईची नुसती काडी उरली होती, म्हणून खाट कशीबशी पुरत होती. दोघींपैकी एक जरी अंगानं भरलेली असती, तर दुसरीला जमीन धरावी लागली असती. दवाखान्याची आया चतुराबाई उशाशी उभी राहून पातेल्यात पेज घोटत होती. तिनं भांडण शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“भांडा, बायांनो,” ती म्हणाली. “भांडायचा जोर आला म्हंजी बऱ्या झालात. सांगते डॉक्टरसायबाला, लावा दोघींना बी घरी.”

शकुबाईनं पाय आखडून घेतले, भिकाबाईनं तोंड भिंतीकडे केलं. खाली चटईवरून मात्र खुदकन हसू आलं. चतुराबाईची लेक मनकर्णा तिथं कुशीवर निजली होती. नववा महिना निम्मा सरला होता, पावलं सुजून भाकरीएवढी झाली होती, तरी तिला हसू येत होतं. चतुराबाईनं पेजेची पहिली वाटी खाली दिली आणि मगच खाटेवर.

हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडे निघालं की मध्ये निवघरी लागते. लढाईच्या दिवसांत तिथं निजाम सरकारचा दवाखाना होता. इमारत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, जुन्या गोदामाची. वऱ्हाडातून येणारा माल एके काळी तिथं जोखत, त्या तराजूचा लोखंडी आकडा अजून आढ्याला लोंबत होता. वॉर्डात लेकरू जन्मलं की त्या आकड्याला लुगड्याची झोळी अडकवायची, एवढा एक उपयोग सरकारच्या ध्यानीमनी नसताना बायकांनी काढला होता.

दाराशी पाटी होती, वर उर्दूत आणि खाली मराठीत. खाटा बारा. डॉक्टर एक, कंपाउंडर एक, सिस्टर एक, आया एक, नोकर दोन. पाटी दर दिवाळीला नव्यानं रंगवत, त्यामुळे दवाखान्यात ठणठणीत अशी तीच काय ती होती. बारा खाटांपैकी सात पुरुषांच्या, पाच बायकांच्या. बायकांच्या पाचांतली एक डॉक्टरांच्या घरी पाहुण्यांसाठी गेली होती, ती तीन वर्षं पाहुण्यांनाच आवडत होती. उरल्या चार. आणि बायका कधी अकरा, कधी पंधरा.

हे जमवायचं कसं? ही शक्कल बंडोपंतांची. बंडोपंत कंपाउंडर होते. औषधं तेच देत आणि कागदही तेच लिहीत. त्यांच्या हातचं औषध पातळ असे, पण अक्षर मोठं घोटीव. त्यांनी ठरवून टाकलं होतं की दवाखान्यात आजारी तोच, जो खाटेवर. खाली चटईवर निजतो तो आजारी नव्हे, सोबती. कारण बारा खाटांच्या दवाखान्यात तेरावा आजारी लिहिला, तर वरून विचारणा येते, जागा नसताना घेतला कसा? परत लावला, तर विचारणा येते, लावला का? सोबत्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. माया करायला सरकारची मनाई नव्हती.

म्हणून मनकर्णा कागदावर भिकाबाईची सोबतीण होती. भिकाबाईला तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं त्याला आठ दिवस झाले होते.

पेज देऊन झाल्यावर चतुराबाई लेकीपाशी टेकली. मनकर्णाच्या पोटावर तिनं हात फिरवला. रोज सकाळी फिरवायची आणि रोज मनात म्हणायची, आज वळलं असेल. डोकं तिथंच होतं, उजव्या कुशीत, बेलफळागत कडक. पोर आडवं होतं. पहिल्या खेपेलाही आडवंच होतं. तेव्हा मनकर्णा सासरी होती, वारंग्याकडच्या खेड्यात. दोन दिवस कळा देऊन आधी चिमुकला हात बाहेर आला, आणि पुढचं काही सांगण्यासारखं नाही. या खेपेला चतुराबाईनं जावयापुढं, दगडोबापुढं, पदर पसरून लेकीला इकडं आणली होती. सरकारी दवाखान्यात आई आया आहे, मग भ्यायचं कशाला, असं दगडोबा चार माणसांत सांगत होता.

“आये, काय म्हन्ते पोट?” मनकर्णानं विचारलं.

“म्हन्ते, थोडं थांबा.”

“आन् बाई? रजेवरून येनार हाये का न्हाई ती?”

चतुराबाईनं पातेलं उचललं. “येईल,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडावर चापट मारावी असं तिला वाटलं.

सिस्टरबाई रजेवर होती. म्हणजे मेली होती.

सुनीतीबाई तिचं नाव. जालन्याकडची, किरिस्ताव. निवघरीत आली तेव्हा पहिले सहा महिने कुणी तिच्या हातचं पाणी पीत नव्हतं, सातव्या महिन्यात पाटलाच्या सुनेची नाळ तिनं कापली आणि मग पाण्याचा प्रश्न आपोआप मिटला. उंच, हाडकुळी, बोलायला फटकळ. आडवं पोर ती वळवायची. बाईला उताणी निजवायची, दोन्ही तळवे पोटावर ठेवायची आणि बाईशी सासूच्या चहाड्या करत बसायची. इकडं चहाड्या चालू आणि तिकडं तळवे कणीक मळल्यागत हळूहळू सरकत. बाईच्या तोंडी सासूचा उद्धार पुरा व्हायच्या आत पोर सरळ. चतुराबाईनं हे चार वेळा शेजारी बसून पाहिलं होतं. एकदा स्वतः करूनही पाहिलं होतं, गेल्या पोळ्याला, कनेरगावच्या एका कोवळ्या पोरीवर. पोर गेलं आणि पोरगीही गेली. तेव्हापासून आपल्या तळहातांकडे बघायचं ती टाळायची.

आणि बाई मेली कशी, तर सेनगावला पटकी उठली तेव्हा. दोन वर्षांमागं, भादव्यात. डॉक्टरांनी जातीनं जाऊन बंदोबस्त करावा असा वरचा हुकूम आला. मार्तंडराव डॉक्टरांनी हुकूम वाचला आणि त्याच दुपारी त्यांना कंबरदुखी लागली. असली गुणाची कंबरदुखी कुणी पाहिली नसेल. गाडीचा विषय निघाला की उठायची, जेवणाचा निघाला की बसायची. शेवटी त्या गाडीत सुनीतीबाई बसल्या, सोबत चतुराबाई. सहाव्या दिवशी चतुराबाई एकटी परत आली.

डॉक्टरांनी दोन दिवस दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, “बंडोपंत, सध्या रजा लिहा.”

का, तर जागा रिकामी दाखवली की ती तीन महिन्यांत दुसऱ्या तालुक्याला जाते, असा काही कायदा डॉक्टरांच्या कानावर आला होता. वाचलेला नव्हता. मग निवघरीला सिस्टर मिळायची नाही आणि सिस्टरच्या हाताखालची आयाही ठेवता यायची नाही. तेव्हा सगळ्यांच्या भल्यासाठी सध्या रजा, पुढं संधी पाहून सांगू. रजा बिनपगारी. कुणी काही खाल्लं नाही, हे डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत, आणि ते खरंच होतं. दुसरं कारण होतं गाडीत कोण बसायचं होतं ते. पहिलं कारण सगळे बोलत, दुसरं कुणी बोलत नसे.

संधी काही सापडेना. बंडोपंत दर दोन-तीन महिन्यांनी नवा अर्ज लिहीत. आधी बाईंची आई आजारी पडली, मग वारली. मग बाईंना ताप आला. मग बहिणीचं लग्न निघालं. मग कारणं संपली म्हणून आई पुन्हा आजारी पडली. वर कुणी वाचत नव्हतं, सही होऊन येई. गावालाही वळण पडलं. बाई कुठं? रजेवर. हे बोलताना कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. दवाखान्याचा नोकर हरिचंद तर जुन्या आजाऱ्यांना सांगायचा, “बाईचा तुमाला रामराम हाये.” आणि चतुराबाई? तीही म्हणायची. तिला दवाखान्यामागची खोली होती. नवऱ्यामागं तिला तेवढंच छप्पर. बाईची जागा गेली की आयाची गेली, हे बंडोपंतांनी तिला इतक्या गोडीनं समजावलं होतं की तिनं आभार मानले होते. बाईचे डोळे जिनं मिटले, तीच दोन वर्षं दारात उभी राहून सांगत होती, बाई गावी गेल्या हायेत.

त्या आठवड्यात वरून पत्र आलं. बेस्तरवारी मोठे साहेब मुआयन्याला येणार. दवाखाना पाहतील आणि सिस्टरच्या लांबलेल्या रजेची तपासणी करतील.

बंडोपंतांनी पत्र तीन वेळा वाचलं. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज एकेक पायरी उतरला. डॉक्टर ओसरीवर येरझारा घालू लागले. चतुराबाई तिथंच खाली बसून चिंध्या फाडत होती. ओसरीवरच्या खांबाची लाज कुणी धरत नाही, तशी तिचीही कुणी धरत नसे.

“राजीनामा दाखवावा का?” बंडोपंत म्हणाले.

“मग जागा रिकामी.”

“लग्न होऊन गेल्या?”

“तीही रिकामीच. अहो, काही असं सांगा की जागाही राहील आणि बाईही यायला नकोत.”

“मग दोष बाईंवर टाकावा हे उत्तम,” बंडोपंत म्हणाले. “येते येते म्हणतात आणि येत नाहीत. कामचुकार आहेत. साहेब चिडतील ते त्यांच्यावर चिडतील. त्यांचं आता काय बिघडायचंय?”

डॉक्टर थांबले. त्यांना ते पटलेलं दिसलं. माणूस मेला की त्याच्या नावाचं एवढं मोठं गोदाम मोकळं होतं, हे त्यांच्या आधी ध्यानात आलं नव्हतं.

चतुराबाईनं चिंधी टर्रकन फाडली. “डॉक्टरसाहेब, दुसरी बाई कधी येईल?”

“अं?”

“माझ्या मनकर्णाचे पंधरा दिवस राहिले. पोर आडवं हाये. मला न्हाई वळत.”

डॉक्टर बायकांच्या वॉर्डाच्या उंबऱ्याआत कधी येत नसत. दारातून विचारत, ताप आहे का, आणि चतुराबाई आत हात लावून सांगे. बायाही त्यांना आत येऊ देत नसत, आणि डॉक्टरांनाही ती अडचण मनापासून सोयीची होती.

“तुमचा हात चांगला आहे की,” ते म्हणाले.

“चांगला न्हाई. कनेरगावची पोर गेली माझ्या हातानं. वाशीमला न्यावं तर गाडीच्या हिसक्यानं वाटंतच व्हायचं. इथं दुसरी बाई पाठवा म्हना की साहेबाला.”

“दुसरी कशी मागू? आधीची आहे ना.”

“कुठं हाये?”

हा प्रश्न तिनं मुद्दाम विचारला नव्हता, तोंडातून निसटला. ओसरीवर सगळे एकदम दुसरीकडे पाहू लागले. बंडोपंत चष्मा पुसू लागले.

“हे बघा चतुराबाई,” बंडोपंत म्हणाले, “परवा साहेबांपुढं तुम्ही बोलू नका. विचारलंच तर गावी गेल्यात म्हणा. दोन वर्षं म्हणताच आहात, एकदा अजून म्हणा. तुमची खोली आहे, लेक आहे. भलतं काही झालं तर बाळंतीण घेऊन कुठं जाल?”

आभार मानण्यासारखंच बोलले, पण या वेळी चतुराबाईनं ते मानले नाहीत.

बेस्तरवारी सकाळी दवाखाना ओळखू येईना. डॉक्टरांच्या घरून खाट परत आली, तिच्या दोरीला अजून पाहुण्यांच्या तेलाचा वास होता. चटया गुंडाळून गोदामाच्या माळ्यावर गेल्या आणि चटयांवरची माणसं मागच्या चिंचेखाली. खाटेवर एक, खाली कुणी नाही. शकुबाईला भिकाबाईपासून तोडून नव्या खाटेवर नेलं, तर ती म्हणे, “एवढ्या खाटंत मला भ्या वाटतंय, कूस बदलली तर पडंन.” प्रत्येकीला धुवट चादर मिळाली, संध्याकाळी परत देण्याच्या बोलीवर. चिंचेखाली एकोणीस सोबती बसले, कुणी कण्हत, कुणी खोकत. हरिचंद मधूनमधून जाऊन त्यांना दटावत होता, “सोबत्यागत बसा की जरा. सोबती कुठं कन्हत असतेत का?”

मनकर्णा खोडाला पाठ टेकून बसली होती. चतुराबाई पाणी घेऊन गेली.

“आये, आज वाईच दुखून राहिलं.”

“कुठं?”

“पाठीत. येतं आन् जातं.”

चतुराबाईनं पोटावर हात ठेवला. पोट घट्ट झालं, सैल पडलं. ती खऱ्या कळांची वेळ नव्हती, पण दिवस आता पंधरा म्हणवत नव्हते. बेलफळ तिथंच होतं. “बस गुमान,” ती म्हणाली. “चालू नको. खोकू बी नको.” आणि नाक्याकडून मोटारीचा आवाज आला.

लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, म्हणून साहेबांची मोटार कोळशावर चाले. मागं भट्टी, वर धूर. साहेब स्थूल, गोरटेले, चालताना दम लागणारे. मूळचे औरंगाबादचे, मराठी चांगली बोलत. माणूस वाईट वाटत नव्हता. त्यांनी आल्याबरोबर पाटी वाचली आणि पुरुषांच्या वॉर्डातून बायकांच्या वॉर्डात येत खाटा मोजल्या.

“बारा. बराबर. मरीज?”

“बारा, हुजूर,” बंडोपंत म्हणाले.

“वा! आमच्या एका दवाखान्यात खाटेखाली सुद्धा माणसं निजलेली पाहिली. इथं इंतजाम आहे.” मग खिडकीतून त्यांना चिंच दिसली. “आणि ते?”

“सोबती, हुजूर. मायेची माणसं.”

“एवढी माया?” साहेबांनी कौतुकानं मान हलवली आणि भिकाबाईकडे वळले. “काय बाई, तुमच्या सोबतीला कोण आहे?”

“मला कोन हाये बाबा?” भिकाबाई म्हणाली. “नवरा मेला, पोरगं फौजंत गेलं. ही शकी व्हती पायाशी, तिला बी आज उठवून नेली.”

“तापात भ्रम होतो, हुजूर,” बंडोपंत झटकन म्हणाले.

“बिचारी,” साहेब म्हणाले.

डॉक्टर आज साहेबांच्या मागून उंबरा ओलांडून आत आले होते. आपण कुठं उभे आहोत हे लक्षात येताच ते आकड्याकडे पाहू लागले, जणू तोच तपासायला आले होते. बायांनी पटापटा पदर ओढले.

मग सगळे डॉक्टरांच्या खोलीत गेले. साहेब खुर्चीत, डॉक्टर उभे, बंडोपंत कागद घेऊन. चतुराबाई दाराशी पाण्याचा तांब्या धरून. साहेबांनी सिस्टरचे अर्ज एकावर एक रचून वाचायला घेतले. आजवर ते कुणीच वाचले नव्हते, त्यामुळे वाचलेले कसे दिसतात याची बंडोपंतांना कल्पना नव्हती.

“मार्गशीर्षात आई वारली,” साहेब म्हणाले. “श्रावणात तीच आई आजारी.”

“सावत्र असेल, हुजूर.”

“असेल?”

“आम्ही किती पत्रं लिहिली त्यांना,” बंडोपंत कळवळून म्हणाले. “एकाचं उत्तर नाही.”

एवढं खरं ते त्या दिवसात पहिल्यांदाच बोलले.

“डॉक्टर, बाई कशी होती कामाला?”

“कामाला,” डॉक्टर म्हणाले, “म्हणजे, स्वभावानं जरा कामचुकार होत्या. आहेत.”

चतुराबाईनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. कामचुकार! सेनगावला त्या सहा दिवसांत बाई पाठ टेकून निजली ती फक्त शेवटची. देवळाच्या ओवरीत चाळीस माणसं ओकत होती आणि मीठपाण्याचा घडा कडेवर घेऊन ती एकेकापाशी बसत होती. डॉक्टरांना दोनदा चिठ्ठी गेली, औषध पाठवा, आणखी एक माणूस पाठवा. गाडी परत आली ती चुन्याची एक पिशवी घेऊन. “चुना तर चुना,” म्हणाली होती बाई, “मेल्यावर टाकायला होईल.” आणि हसली होती.

साहेबांनी पहिला अर्ज पुन्हा उचलला. त्यांचे डोळे तारखेवर थांबले. मग त्यांनी दुसरा एक कागद मागवला, पटकीच्या बंदोबस्ताचा, आणि दोन्ही शेजारी धरले.

“हे काय? सेनगावला पटकी चालू आहे, माणसं मरतात, आणि त्याच दिवसांत हिची रजा सुरू? म्हणजे पटकी आली आणि बाई पळाली?”

बंडोपंत डॉक्टरांकडे पाहू लागले.

“मी विचारतो डॉक्टर, पळाली?”

मार्तंडराव डॉक्टरांनी मान खाली घातली. त्या मानेनं हो म्हटलं.

साहेब लाल झाले. रागावले की ते उर्दूत जात, तसे गेले. लानत आहे अशा बाईवर, असं काही म्हणाले. मग पुन्हा मराठीत आले. “आपला मुलूख मरत होता आणि ही घरी आईच्या मांडीवर! लिहा. नाव काळ्या यादीत. हैदराबादला कळवतो, कुठल्याच दवाखान्यात हिला उभी करायची नाही. आणि चौकशी करून सजा.”

“आणि जागा, हुजूर?” डॉक्टरांनी चाचरत विचारलं.

“जागा कुठं रिकामी आहे? बाई आहे, पळालेली आहे. चौकशी पुरी होईपर्यंत जागा तिचीच. दुसरी मागू नका, मिळायची नाही.”

“चौकशीला किती दिवस...”

“सहा महिने. वर्षही लागेल.”

डॉक्टरांचा आणि बंडोपंतांचा एकदमच श्वास सुटला. जागा राहिली होती, बाई येणार नव्हती, आणि दोष ज्याचा त्याला मिळाला होता. इतकं नीट जमेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. बंडोपंतांनी तर चतुराबाईकडे पाहून डोळ्यांनी म्हटलं सुद्धा, बघा, राहिली ना खोली?

चतुराबाई खिडकीकडे पाहत होती. तिथून चिंचेचं खोड दिसत होतं आणि त्यापाशी मनकर्णा. दोन्ही हात मागं नेऊन ती पाठ चोळत होती. सोबत्यागत बसायचं म्हणून तोंड मिटून.

“तिचा पत्ता द्या,” साहेब म्हणाले. “मी शिपाई पाठवतो. धरून आणू.”

बंडोपंत कागद उलटेपालटे करू लागले. “जालन्याकडच्या, हुजूर. घर बदललं म्हणतात. नक्की असा...”

“दोन वर्षं पत्रं कुठं पाठवत होता मग?”

बंडोपंतांचे हात थांबले. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती दाराशी येऊन टेकली. “ही कोण? आया ना? तुझ्यापाशी काम करत होती बाई. बोल. भिऊ नको. कुठं राहते ती?”

डॉक्टर तिच्याकडे पाहू लागले, बंडोपंत पाहू लागले, दारामागून हरिचंदही. त्या सगळ्या नजरा तिला ओळखीच्या होत्या. दोन वर्षं त्यांतलीच एक तिची होती. गावी गेल्यात, एवढंच म्हणायचं होतं. खोली राहिली असती. सहा महिने जागाही राहिली असती. आणि मनकर्णा?

चतुराबाईनं तांब्या खाली ठेवला आणि ओले हात लुगड्याला पुसले.

“पत्ता हाये माझ्यापाशी. लिहून घ्या,” ती म्हणाली. “सेनगावचा बाजार सोडला की वढा लागतो. वढ्याच्या ह्या अंगाला पडीक रान हाये, दोन बोरी हायेत. त्या बोरींच्या मधी.”

“रानात?” साहेब म्हणाले. “रानात काय करते?”

“चतुराबाई, जरा आत जाऊन...” डॉक्टर पुढं आले.

“शिपाई धाडा, साहेब, पर फावडं देऊन धाडा. ती पळाली न्हाई. पळनारे हितंच व्हते. हुकूम डॉक्टरसायबाच्या नावाचा व्हता, गाडीत ती बसली. मी व्हते संगं. मी धुतलं तिला, मी माती लोटली, आन् हितं येऊन दोन वर्सं मी बी म्हनत राहिले, रजेवर हाये, रजेवर हाये. रजा न्हाई आन् काय न्हाई. मेली ती, साहेब. आता दुसरी धाडा.”